परवा सांगेन

पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

सुप्री,

फोनवर बोलणार नाही, पत्रच पाठव, असा तुझा हट्ट, म्हणून हे पत्र. मी भरभर बोलतो, मधेच दुसऱ्या विषयावर जातो आणि तुला वाटेतच सोडून देतो, ही तक्रार अम्माचीही होती. तेव्हा सावकाश लिहितो. वरच्या मजल्यावरच्या अनुसूयाक्का तुला वाचून दाखवतील.

अम्मा जाऊन दोन महिने झाले. तू त्या घरात एकटी गॅस पेटवतेस, एकटी बसने यशवंतपूरच्या खोक्यांच्या कारखान्यात जातेस, आणि इथे माझा जीव टांगणीला लागलेला असतो. अक्का घरमालकीण असल्या तरी घरच्यासारख्याच आहेत, पण त्या एकाहत्तर वर्षांच्या. त्यांचं काही झालं तर? मी साडेआठशे किलोमीटरवर. तू चौतीस वर्षांची झालीस खरी, पण डॉक्टरांच्या कागदावर बौद्धिक अपंगत्व लिहिलेलं आहे आणि ते काही उगाच लिहिलेलं नाही.

पुण्याबाहेर एक निवासी केंद्र मी बघून ठेवलंय. तुझ्यासारखीच पस्तीस जणं तिथे राहतात. बाग आहे, नर्स आहे, गेटवर सतत माणूस असतो. दर रविवारी मी भेटायला येईन. प्रवेशासाठी मी तुझा कायदेशीर पालक असावा लागतो. तसा अर्ज मी पालक नेमणाऱ्या बेंगळूरच्या सरकारी समितीकडे दिलाय. १८ मार्चला, मंगळवारी, सुनावणी आहे. मी येतोच आहे. साहेब एकदोन प्रश्न विचारतील. घाबरायचं नाही, हो म्हणायचं.

अम्माच्या तेराव्याला मी तुला विचारलं होतं, 'माझ्याजवळ येशील?' तू 'सरी अण्णा' म्हणून होकार दिलास. अर्जावर अंगठाही दिलास. तेव्हा तुझ्या मनाविरुद्ध मी काही करत नाहीये, एवढं लक्षात ठेव.

तुझा
वादिअण्णा


राजाजीनगर, बेंगळूर,
१२ फेब्रुवारी २०२५

वादिअण्णा,

पत्र आलं. अक्कांनी मोठ्याने वाचलं, मग हळू वाचलं, मग मी म्हटलं तिथे थांबून वाचलं. पत्राला थांब म्हटलं की ते थांबतं. म्हणून मला पत्र आवडतं.

तेराव्याला मी सरी म्हटलं, खरं आहे. ते धरायचं नाही. घरात पन्नास माणसं जेवत होती. अम्मा नव्हती. तू रडत होतास. तू रडत असताना जे विचारशील त्याला मी सरीच म्हणणार. विहिरीत उडी मारतेस का विचारलं असतंस तरी सरी म्हटलं असतं.

नियम तूच केलास. अम्मा सगळ्यांना ती गोष्ट सांगायची. मी नऊ वर्षांची होते, तू सतरा. रिबीन घ्यायची होती. तू म्हणालास लाल? मी हो म्हटलं. दुकानदार म्हणाला निळी? मी हो म्हटलं. अम्मा म्हणाली पिवळी? मी हो म्हटलं. घरी येऊन तू अम्माला सांगितलंस, हिला लगेच विचारायचं नाही, समोरच्याला बरं वाटेल तेच ही बोलते. पहिल्या दिवशी फक्त सांगायचं. दुसऱ्या दिवशी ही विचारेल, ते दाखवायचं. तिसऱ्या दिवशी ही सांगेल. अम्माने तसंच केलं. कारखान्यात जायचं का ते मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. दात काढायचा का तेही.

तू पहिल्या दिवशी विचारलंस आणि पहिल्याच दिवशी अंगठा घेतलास. आणि मला सही येते, अण्णा. वेळ लागतो, पण येते. कारखान्यात हजेरीच्या वहीत मी सही करते. अंगठा का घेतलास?

आता माझा दुसरा दिवस आहे. मी विचारते, तू सांग. गेटवरचा माणूस लोकांना आत येऊ देत नाही की बाहेर जाऊ देत नाही? मला कारखान्यात जाता येईल का? नाहीतर तिथे खोकी करतात का? माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील का? ती पस्तीस जणं स्वतःहून आली का, त्यांना कुणी विचारलं का? आणि पालक झालास की तू असं काय करशील, जे भाऊ असून करत नाहीस?

उत्तरं लिही. ती ऐकून मी सांगेन. त्याच्या आधी कुणालाच नाही, तुझ्या साहेबांनाही नाही.

सुप्रीता
सांगितलं मी. लिहिलं अक्कांनी. वाचून दाखवलं. दोन ठिकाणी खोडायला लावलं. आता बरोबर आहे.


पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

अनुसूयाक्का, नमस्कार.

सुप्रीच्या नावाने आलेलं पत्र मिळालं. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. ते पत्र तिचं नाही. रिबिनीची गोष्ट तिची असेल, पण 'पालक झालास की असं काय करशील जे भाऊ असून करत नाहीस' हे वाक्य माझ्या बहिणीचं असूच शकत नाही. आज कोणता वार हे ती अजून दिवसातून तीनदा विचारते.

अम्माच्या आजारपणात तुम्ही जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. पण तुम्हीही एकट्या आहात. खाली कुणाचा तरी वावर असावा, संध्याकाळी दोन शब्द बोलायला माणूस असावं, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. त्यासाठी तिला अडकवून ठेवू नका. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर धावत यायचं मलाच आहे, आणि तेव्हा माझ्या हातात एक कागदही नसेल.

मी काही वाईट माणूस नाही, अक्का. बहिणीची सोय लावतोय. कृपा करून सुनावणीच्या दिवशी तिला पढवून पाठवू नका.

वादिराज


राजाजीनगर, बेंगळूर,
२५ फेब्रुवारी २०२५

वादिराज,

तुझा नमस्कार पोचला आणि त्याच्या खालचंही सगळं पोचलं. राग मानू नका असं लिहिलंस, ते काही जमलं नाही.

बत्तीस वर्षं मी सरकारी कारखान्यात स्टेनो होते. पाच साहेब झाले. साहेब खिडकीबाहेर बघत बोलायचे, मी लिहायचे. एकाला वाक्य सुरू करता यायचं, संपवता यायचं नाही. ती सगळी मी संपवली. दुसऱ्याला तारखा आठवायच्या नाहीत. तिसऱ्याला स्वतःच्या पत्रात काय आहे ते मी वाचून दाखवल्यावर कळायचं. तरी खाली सही त्यांची आणि पत्र त्यांचं. दिल्लीहून कुणी कधी लिहिलं नाही, की हे शब्द तुमच्या अनुसूयाबाईंचे दिसतात, तेव्हा साहेबांना पालक नेमा. मदत घेऊन बोलणारा तो साहेब आणि मदत घेऊन बोलणारी तुझी बहीण मात्र अजाण, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

ते वाक्य तिचंच आहे. त्याला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी म्हणाली, 'अण्णा भाऊच आहे ना?' दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'मग पालक कशाला?' तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता दोन्ही जोडून सांगितलं. मी त्यात माझ्याकडून 'कायद्याने' असा एक शब्द घातला होता. वाचून दाखवल्यावर तिने तो खोडायला लावला, कारण ती तसं म्हणाली नव्हती. दोन खोडलेल्या जागांतली ही एक. दुसरीकडे मी तुझ्यासाठी एक विशेषण वापरलं होतं. तेही तिनेच काढलं.

वार विचारते हे खरं. घड्याळाचा मोठा काटाही तिला फसवतो. पण कारखान्यात नव्या आलेल्या मुलींना खोक्याचा तळ कसा बसवायचा ते तीच शिकवते. ज्याला जे जमत नाही तिथे त्याला हात द्यावा लागतो. मला जिना उतरताना लागतो. म्हणून माझं घर कुणी आपल्या सहीने चालवायला घेतलेलं नाही, आणि कुणी घेऊन बघावंच.

मी एकटी आहे, हे तू बरोबर ओळखलंस. संध्याकाळी ती वर येते, आम्ही कन्नड मालिका बघतो आणि कोण कपटी निघणार ते ती माझ्या आधी सांगते. ती कायमची वर राहायला आली तर मला फार बरं वाटेल, हे मी लपवत नाही. पण तिला मी अजून विचारलेलं नाही. विचारेन तेव्हा तीन दिवस थांबेन.

तिने तुला प्रश्न विचारले होते. त्यांची उत्तरं द्यायची सोडून तू मला पत्र लिहिलंस. ती रोज कारखान्यातून आल्यावर पोस्टमन येऊन गेला का विचारते.

अनुसूया


पुणे,
१९ मार्च २०२५

सुप्री,

काल सुनावणीनंतर मी घाईने विमानतळावर गेलो, तुझ्याशी नीट बोललोही नाही. म्हणून लिहितो.

साहेबांनी तुला कन्नडमधे दोनदा समजावलं. पालक तुझ्या जागी सही करेल, तू कुठे राहायचं ते ठरवेल. मग विचारलं, भाऊ पालक म्हणून चालेल का, तुला कुठे राहायचंय. तू म्हणालीस, 'परवा सांगेन.' साहेब हसले. पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच. शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू पिशवी उचलून उभीच राहिलीस. कागदावर लिहिलं गेलं, 'प्रश्न समजला नाही, उत्तर देऊ शकली नाही.' बाहेर आल्यावर वकील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, याहून चांगलं काही होऊच शकत नव्हतं, आता आदेश निघाला म्हणून समजा.

मला आनंद व्हायला हवा होता. अक्कांना आत येऊ दिलं नव्हतं. त्या खोलीत तुझं उत्तर कळणारा मी एकटाच होतो. 'साहेब, हिला गुरुवारी विचारा, ती बरोबर सांगेल,' एवढं बोलायला मला किती वेळ लागला असता? पण काम लांबलं असतं, म्हणून मूग गिळून बसलो. हे तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पण सुप्री, ठरलं ते ठरलं. एप्रिलअखेर मी न्यायला येईन. सामान बांधायला लाग. गेटचं विचारलं होतंस, तर गेट परवानगीशिवाय उघडत नाही. ते तुमच्याच भल्यासाठी आहे.

वादिअण्णा


राजाजीनगर, बेंगळूर,
२३ मार्च २०२५

वादिअण्णा,

तुझं पत्र काल आलं. सामान बांधत नाही.

मंगळवारी मला नवीन गोष्ट कळली. पालक माझ्या जागी सही करतो. हे तू लिहिलं नव्हतंस, साहेबांनी सांगितलं. तो माझा पहिला दिवस. साहेबांनी पहिल्याच दिवशी उत्तर मागितलं. मी परवा सांगेन म्हटलं. ते हसले. मी नाही हसले.

बुधवारी मी विचारलं. कारखान्यात रक्षिता माझ्या शेजारी बसते. तळ मी बसवते, झाकण ती. मी तिला विचारलं, तू राहतेस ते कुणाला विचारून? ती म्हणाली कुणालाच नाही. तिच्या दोन खोल्या कारखान्यामागच्या गल्लीत आहेत. बरोबरची मैत्रीण लग्न होऊन गेली. मी सुटल्यावर खोल्या बघायला गेले. गॅस आहे. नळ बाहेर आहे. समोर लॉरी उभ्या राहतात, आवाज येतो. दाराला दोन किल्ल्या आहेत. एक कुणाचीच नाही. मला उशीर झाला. अक्का जिन्यात उभ्या होत्या. कुठे गेलीस विचारलं. मी सांगितलं नाही, दुसरा दिवस संपला नव्हता.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. अक्का आणि मी ऑटोने कचेरीत गेलो. शिपाई म्हणाला आज समिती बसत नाही. मी म्हटलं मला समिती नको, मला उत्तर द्यायचं आहे. तो म्हणाला पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं मी परवा म्हटलं होतं, परवा आज आहे. मी बाकावर बसले. डबा खाल्ला. शिपाई दोनदा येऊन जा म्हणाला. मी नाही गेले. सगळे चहा पिऊन आले तेव्हा पवित्रा मॅडम आल्या. फाइली त्यांच्याकडे असतात. 'एनु बेकम्मा' म्हणाल्या, काय हवं. मी म्हटलं मंगळवारचं उत्तर आणलंय. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाइल काढली. अक्का पण माझ्याबरोबर उठल्या. मी म्हटलं अक्का, तुम्ही बाहेर बसा.

मॅडमनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी 'भाऊ त्रास देतो' असं लिहिलं होतं. मी म्हटलं खोडा. तो त्रास देत नाही, तो घाई करतो. त्यांनी खोडलं. मग मी सही केली. खूप वेळ लागला. त्यांचा फोन वाजत होता, त्यांनी तो उचलला नाही.

मी काय सांगितलं ते तुलाही सांगते. माझ्या जागी सही करणारा माणूस मला नको. सही मी करीन. बँकेचं आणि डॉक्टरचं कुणीतरी हळू वाचा, दोनदा सांगा आणि मला तीन दिवस द्या. पुण्याच्या गेटात मी जाणार नाही. आणि वर अक्कांकडेही राहणार नाही. अक्का मला मुलीसारखं ठेवतील. मला अम्मा होती. आता मला कुणाची मुलगी व्हायचं नाही. मी रक्षिताबरोबर राहणार. एक मेला जाणार.

अक्का लिहायच्या थांबल्या आहेत. मी म्हटलं लिहा.

सुप्रीता
सांगितलं मी. लिहिलं अक्कांनी. वाचून दाखवलं. काही खोडलं नाही.


राजाजीनगर, बेंगळूर,
२४ मार्च २०२५

वादिराज,

कालच्या पत्राच्या शेवटच्या पानावर अक्षर वाकडं आलंय. ते वयामुळे नाही. तीन दिवस ती माझ्यासमोर बसून जेवली, मालिका बघितली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. मला कळलं ते लिहिता लिहिता. बत्तीस वर्षांत कुठल्या साहेबाने माझ्या बदलीचं पत्र मलाच लिहायला लावलं नव्हतं. तेवढं राहिलं होतं.

मला हे अजिबात पटलेलं नाही. नळ बाहेर आहे म्हणे. रक्षिता गुणाची असेल, पण ती सव्वीस वर्षांची, उद्या तिचंही लग्न होईल, मग ही काय करणार? वरची मागची खोली मी गेल्या महिन्यात रंगवून घेतली. सुप्रीताला न विचारता, तिला आवडतो म्हणून पिवळा रंग लावून. तुला तीन दिवस थांबेन असं ऐटीत लिहिलं आणि माझ्याकडे रंगारी येऊन गेलेला होता. तेव्हा अंगठ्यावरून तुला बोलायचा माझा हक्क थोडा कमी झाला आहे.

आणखी एक सांगते, कारण ते सांगितलंच पाहिजे. 'मुलगी व्हायचं नाही' हे ती बोलली तेव्हा ते वाक्य गाळावं असं मला वाटलं. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवताना मी ते बोलून दाखवलं असतं आणि कागदावर लिहिलं नसतं, तर जगात कुणाला कळलं नसतं. तू माझ्यावर जो आळ घेतलास तो मी त्या घडीला खरा करू शकले असते. मी लिहिलं. फार लागलं मला, पण लिहिलं.

तू पुण्याला निघालास तेव्हा एकवीस वर्षांचा होतास. ना नोकरीचा पत्ता, ना राहायचा. तुझी अम्मा दोन दिवस जेवली नव्हती, माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होती, हा मुलगा वाया जाणार म्हणून. तुला चुकायला मोकळं सोडलं. तुला कुणी समितीपुढे उभं केलं नाही.

आता तुझ्या वकिलाला काय सांगायचं ते तू बघ. मी कोर्टकचेऱ्यांना भीत नाही. ती तर मुळीच भीत नाही, हे शिपायाला विचारलंस तरी कळेल.

अनुसूया


पुणे,
२० एप्रिल २०२५

सुप्री,

कचेरीतून पत्र आलं. तुझं लेखी म्हणणं फाइलला लागलंय, ते पाहता अर्ज पुढे चालवायचा आहे का ते कळवा, असं विचारलंय. वकील म्हणाला चालवा, डॉक्टरांच्या कागदापुढे तिचं म्हणणं टिकणार नाही.

सोबत तुझ्या म्हणण्याची नक्कल होती. कन्नड वाचायची सवय सुटलीय, अक्षर अक्षर लावत वाचलं. एक ओळ खोडून वर लिहिलेली आहे. सगळ्यात खाली तुझी सही. अर्ध्या ओळीभर लांब, शेवटी उताराला लागलेली. सुप्री, मी तुझी सही पहिल्यांदा बघितली. तू लिहीपर्यंत तुला सही येते हे मला माहीतच नव्हतं. मी कधी मागितलीच नव्हती.

त्या केंद्रात पुन्हा जाऊन आलो, तुझे प्रश्न कागदावर लिहून घेऊन. खोकी करत नाहीत. मेणबत्त्या करतात, ज्याला आवडो न आवडो. खोलीची किल्ली कुणाकडेच नसते, दारांना आतून कडीच नाही. इथली किती माणसं स्वतःहून आली असं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. एक बाई माझ्या मागे गेटपर्यंत आली. गेटवरच्या माणसाने तिला नावाने हाक मारून परत पाठवली. ती वळली.

मी अर्ज मागे घेतलाय. पटलं म्हणून नाही, हे तुला सांगतो. मला भीती वाटते. लॉरीची वाटते, गॅसची वाटते, रक्षिताच्या लग्नाची वाटते. पण तुझं म्हणणं ऐकूनही न ऐकल्यासारखं एकदा केलं, पुन्हा करणार नाही. वकील म्हणाला तुम्ही जबाबदारी झटकताय. मी म्हटलं, म्हणा.

आता तूच सांग, मी काय करू? पालक नाही, तर इतक्या लांबून नुसता भाऊ म्हणून करायचं तरी काय? मला काहीतरी काम दे.

वादिअण्णा


यशवंतपूर, बेंगळूर,
४ मे २०२५

वादिअण्णा,

मी इथे राहायला आले. एक तारखेला नव्या घरात दूध उतू जाऊ दिलं. रक्षिता पुरे म्हणाली, मी म्हटलं आणखी.

पहिल्याच दिवशी किल्ली आत राहिली आणि दार लागलं. रक्षिता बाजारात गेली होती. मी पायरीवर बसले. शेजारची बाई म्हणाली कुणाला बोलावू का. मी म्हटलं नको, मी इथेच राहते. आता किल्ली गळ्यात घालते. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. लॉरीचा आवाज फार येतो. रक्षिता भातात मीठ जास्त घालते. मी तिला सांगितलं, ती म्हणाली मग तू कर. आता भात मी करते.

अक्का आज बसने आल्या. नळ बाहेर आहे म्हणून पुन्हा बोलल्या. मग खुर्ची ओढून लिहायला बसल्या. पिवळ्या खोलीत त्यांनी शिवणाचं मशीन ठेवलंय. मी म्हटलं मी दर शनिवारी मालिका बघायला येईन. पाहुणी म्हणून. त्या सरी म्हणाल्या.

तू काम मागितलंस. मी पत्र ऐकलं, विचारलं, आणि मग ठरवलं.

अम्माचं बँकेचं खातं माझ्या नावाने करायचं आहे. गेल्या आठवड्यात मी अक्कांना घेऊन गेले. मी प्रश्न विचारला, काउंटरवरच्या बाईने उत्तर अक्कांना दिलं. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा अक्कांना दिलं. अक्का भांडल्या. मग ती अक्कांशीच भांडली, माझ्याशी तेही नाही.

तू ये. आमच्याकडे एक गादी जास्त आहे. माझ्याबरोबर बँकेत चल. तू शर्ट खोचून येतोस, पुण्याचा दिसतोस, म्हणजे ती बाई तुझ्याकडेच बघणार. ती तुझ्याकडे बघेल तेव्हा तू काही बोलू नको. तू माझ्याकडे बघ. ती काय करते ते मला बघायचं आहे. ती माझ्याकडे वळेपर्यंत तू माझ्याकडे बघत राहायचं. कितीही वेळ लागला तरी.

एवढंच तुझं काम आहे.

सुप्रीता
सांगितलं मी. लिहिलं अक्कांनी. सही माझी.